धनुष्य, दोरी आणि दुकान

"अगं, चाळिशी उलटल्यावर धनुष्यबाण कसला घेऊन बसलीस?" हा आईचा फोनवरचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "हरणं मारणार आहेस की काय?" आमच्या घरातली माणसं झुरळसुद्धा सुपलीत घेऊन अंगणात सोडणारी, त्यामुळे या दुसऱ्या प्रश्नात खरी काळजी होती. तर आधीच सांगून टाकते, मी हरणं मारत नाही. गवताच्या भाऱ्यावर कागद लावते आणि त्यावर बाण मारते. बरेचसे बाण भाऱ्याला लागतात. काही तर कागदालाही लागतात. :-)

झालं असं की आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. इथे मिशिगनमध्ये कोणी शेजाऱ्याला आजोबा म्हणत नाही. मीही त्यांना समोर नावानेच हाक मारते, पण लिहिताना हात धजत नाही. वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गराज आवरायला काढलं आणि मी मदतीला गेले. रंगाचे डबे, गंजलेल्या करवती, मुलांच्या सायकली, आणि भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर फ्लॅनेलच्या खोळीत काहीतरी लांबट. खोळ काढली तर आतून धनुष्य निघालं. गडद तपकिरी लाकडाची मूठ, दोन्ही टोकं उलटी वळलेली, मुठीच्या वर बोटाच्या पेराएवढं एक नाणं बसवलेलं. खाली बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, बेअर आर्चरी, आणि गावाचं नाव, ग्रेलिंग, मिशिगन. बाजूला शाईने ३५ असा आकडा.

"हे तिचं," आजोबा म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्नानंतर दोघं मिळून रविवारी नेमबाजीला जायचे म्हणे. त्यांचं स्वतःचं धनुष्य त्यांनी खांदा गेल्यावर कोणालातरी देऊन टाकलं होतं, पण हे मात्र राहिलं होतं. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "ओढून बघतेस?"

त्या ३५चा अर्थ मला तेव्हा कळला. धनुष्याची दोरी २८ इंच मागे ओढली की हातावर ३५ पौंडांचा भार येतो. माझे हात आखूड, माझी ओढ २६ इंचांवर संपते, म्हणजे माझ्या वाट्याला येतात साधारण ३० पौंड. जितकं ओढाल तितकं ते जड होत जातं, आणि सगळ्यात जड असतं ते अगदी शेवटी, नेम धरायच्या क्षणी. तीन रविवार आजोबांनी मला त्यांच्या मागच्या अंगणात उभं केलं. कसं उभं राहायचं, कोपर कुठे, हनुवटीला बोट कुठे टेकवायचं. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा लागतच नाही. एकलव्याला कोणीतरी हे वेळेवर सांगायला हवं होतं, असं मला फार वाटून गेलं.

आता बाण. आजोबांच्या लाकडी बाणांना बाक आला होता आणि पिसं कसरीने खाल्ली होती. म्हणून मी दुकानात गेले आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

आमच्या गावापासून वीस मिनिटांवर धनुष्यबाणांचं मोठं दुकान आहे. आत नेमबाजीला लांबच लांब गल्ल्या, भिंतीवर भुसा भरलेली हरणांची मुंडकी आणि रांगेने टांगलेली यंत्रं. यंत्रंच म्हणायला हवं, कारण धनुष्य म्हणून आपण रामायणातल्या चित्रांत जे बघितलंय त्याचा इथे मागमूस नसतो. याला कंपाऊंड बो म्हणतात. दोन्ही टोकांना लंबगोल चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या तारांसारख्या दोऱ्या, बघायला दुर्बिणीसारखं भिंग, दोरीतच बसवलेलं डोळा लावायचं छिद्र, आणि दोरी बोटांनी नाही तर मनगटाला बांधलेल्या एका खटक्याने सोडायची. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन नावाच्या माणसाने १९६६ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्याला ते मिळालं. युक्ती मात्र मानलं पाहिजे अशी आहे. अर्ध्या वाटेपर्यंत भार चढतो आणि मग चाकं फिरली की एकदम उतरतो. ऐंशी टक्के भार उतरवणाऱ्या ६० पौंडांच्या कंपाऊंडवर शेवटी हातात उरतात फक्त १२ पौंड. आरामात नेम धरा, शिंक आली तर शिंकून घ्या, मग सोडा. (शिंकेचं मी माझ्या पदरचं घातलंय.)

काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. हसरा, नम्र, दर वाक्याला मॅम. "मुलासाठी घेताय का?" नाही, माझ्यासाठी. "ओह!" म्हणून तो मला थेट गुलाबी कंपाऊंडकडे घेऊन गेला. मी म्हटलं, माझ्याकडे धनुष्य आहे, फक्त बाण हवेत. खोळीतून धनुष्य काढलं तर त्याने ते दोन्ही हातांत घेऊन वरखाली फिरवलं आणि मनापासून म्हणाला, "भिंतीवर काय सुंदर दिसेल!"

मला ते लागलं. पण बिचाऱ्याच्या बोलण्यात खोच नव्हती. जुन्या पुण्यातल्या वाड्याचं दार बघून आपणही असंच काहीतरी म्हणतो की.

बाण मिळाले. सहा, कार्बनचे, काळे, शेपटाला प्लास्टिकचे तीन हिरवे पंख, अंगावर ४०० हा आकडा. मी पैसे दिले आणि खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाण डावीकडे. मी उजवीकडे नेम धरला तरी डावीकडे. मधूनच बाण मुठीला खट्‌कन आपटून वेडावाकडा जाई. दोन आठवडे मी स्वतःच्या हाताला, खांद्याला, चष्म्याला दोष देत होते. लहानपणी खोखोत पहिल्याच डावाला बाद होणारी मी, यापेक्षा वेगळं काय होणार, इथपर्यंत विचार गेला होता.

शेवटी आजोबा काठी टेकत बघायला आले. एक बाण उचलला, दोन्ही टोकांना धरून वाकवायचा प्रयत्न केला आणि हसायलाच लागले. बाण वाकेना!

मग त्या दुपारी मला जे कळलं ते मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी भौतिकशास्त्र सोडलं नसतं. साध्या धनुष्यात मूठ बाणाच्या वाटेतच असते. म्हणजे दोरी सुटल्यावर बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं, आणि तो खरोखरच वळसा घालतो, सुटताना माशासारखा सळसळत वाकतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. त्यासाठी बाण धनुष्याच्या जोराला शोभेल इतकाच ताठ लागतो. फार ताठ असला तर तो वाकत नाही, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे फेकला जातो. बाणावरचा आकडा हाच ताठरपणा सांगतो. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू, मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगायचं, बाण किती इंच वाकतो ते मोजायचं. ०.४ इंच वाकला तर ४००. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. माझ्या ३० पौंडांना ७००च्या आसपासचा बाण हवा होता. कंपाऊंडचा मारा जास्त जोराचा, शिवाय बाणाला बरोबर मधून जायला वाट दिलेली, त्यामुळे त्याला ताठ बाण लागतात. दुकानात सगळे तसलेच. आणि प्लास्टिकचे पंख कंपाऊंडवर चालतात, कारण तिथे बाण सहसा कशाला घासत नाही. आमच्या धनुष्यात बाण मुठीच्या कडेवर टेकून निघतो. तिथे पीसच हवं, कारण पीस दबतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लास्टिक आपटतं.

म्हणजे दोन आठवडे मी वाईट नेमबाज नव्हते. निदान त्या कारणासाठी तरी नव्हते.

सिडारचे लाकडी बाण मग मी पोस्टाने मागवले, टर्कीच्या पिसांचे. ते आले, सरळ गेले आणि मला वाटलं आता दुकानाशी संबंध संपला. पण दोरीचे धागे सुटायला लागले. जुन्या धनुष्याला डॅक्रॉनचीच दोरी लागते, कारण ती किंचित ताणली जाते आणि धक्का सोसते. हल्लीचे धागे अजिबात ताणले जात नाहीत, त्यामुळे सगळा हिसका टोकांवर येतो आणि जुनी टोकं तडकू शकतात. हे मला आजोबांनी तीनदा बजावलं होतं. दोरीला पोस्टाची वाट बघायची नव्हती, म्हणून पुन्हा दुकानात.

सप्टेंबरची अखेर होती. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो, त्यामुळे दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशीची लक्ष्मी रोडवरची गर्दी. त्या गर्दीतही त्या मुलाने मला ओळखलं. मागच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं शोधाशोध करून धूळ बसलेलं एक पाकीट आणलं. डॅक्रॉनची दोरी, मापाची! मला इतका आनंद झाला. तो म्हणाला, "थांबा मॅम, मीच चढवून देतो."

मी "नको" म्हणायला हवं होतं. माझ्या पिशवीत दोरी चढवायची नाडी होती. नाडीच्या दोन्ही टोकांना चामड्याच्या टोप्या असतात. त्या धनुष्याच्या टोकांना अडकवायच्या, नाडी पायाखाली धरायची आणि मूठ सरळ वर उचलायची. दोन्ही पाती सारखी वाकतात. पण मागे रांग होती, तो मदत करत होता, आणि मला भिडस्तपणा नडला. त्याने आमच्या धनुष्यात पाय घातला, खालचं टोक दुसऱ्या पावलाला अडकवलं, मांडीवर रेटून वरचं टोक वाकवलं. एक बारीक करकर झाली. दोरी चढली. "झालं!"

घरी येऊन बघितलं तर वरच्या पात्यावर दोरी मधल्या खाचेत बसत नव्हती, डाव्या कडेला सरकली होती. डोळ्यासमोर आडवं धरून बघितलं. पातं पिळलं गेलं होतं, फार नाही, ओल्या पाटाला येतो तितकाच बाक. पण पिळलेल्या पात्यावरून दोरी केव्हाही निसटते आणि धनुष्य हातात उलटं होतं.

दोन दिवस मी आजोबांकडे गेले नाही. त्यांच्या गराजचं दार उघडल्याचा आवाज आला की मी स्वयंपाकघरात नळ सोडायचे. तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक जुनं धनुष्य. खरंय. पण इतकी वर्षं एका माणसाने काही जपलं, ते आपल्या हाती दिलं, आणि आपण वर्षभरात ते एका अनोळखी पोराच्या मांडीवर मोडू दिलं, हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं? मला त्या पोराचा भयंकर राग आला होता. आणि त्याच्यापेक्षा जास्त त्या दुकानाचा. एवढं मोठं दुकान, पाटी धनुष्यबाणांची, आणि धनुष्याला दोरी लावता येत नाही?

तिसऱ्या दिवशी गेले. धनुष्य टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. आजोबांनी चष्मा वर केला, एक डोळा मिटून पात्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "पाय घालून चढवली ना?" मी मान हलवली. "तीही तशीच चढवायची. आम्ही सगळेच तेव्हा तसं करायचो. हे पातं एकदा तिनेही पिळलं होतं."

मी बघतच राहिले.

मग त्यांनी किटली ठेवायला सांगितली. गरम पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून, दोरी उतरवलेल्या पात्याभोवती गुंडाळायचा. पातं ऊबदार झालं की पिळाच्या उलट्या दिशेला हाताने पिळायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. जास्त गरम नाही, आतला डिंक सुटेल. पूर्वी हे काम ते स्वतः करायचे. आता त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे हात माझे आणि शब्द त्यांचे. "अजून थोडं. तिथेच. सोडू नकोस." पहिल्या दिवशी फरक पडला नाही. चौथ्या दिवशी दोरी खाचेत मधोमध बसली. त्या दिवशी त्यांनी मला बायकोच्या हातचा, आता त्यांच्या हातचा झालेला अॅपल पाय खायला घातला.

त्या चार संध्याकाळी पातं धरून बसल्या बसल्या त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी मग ग्रंथालयात जाऊन वाचलीही. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी माणूस जंगलातून बाहेर आला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. त्याने आपलं नाव कधीच सांगितलं नाही. लोक त्याला इशी म्हणत, म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं माणूस. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला, आणि शेजारच्या इस्पितळातला सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोपने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. पोपचा जोडीदार आर्ट यंग, त्याच्या अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट १९२७ मध्ये डेट्रॉइटमध्ये लागला. तो बघून मोटारींच्या कारखान्यात काम करणारा फ्रेड बेअर नावाचा तरुण वेडा झाला, पुढे यंगशी त्याची दोस्तीही झाली. १९३३ मध्ये त्याने धंदा सुरू केला, पुढे ग्रेलिंगला कारखाना काढला. त्याच कारखान्यातलं हे धनुष्य. १९७८ मध्ये कंपनी फ्लोरिडाला गेली आणि आता तीही कंपाऊंड विकते. विकणारच.

यात मला दिसलं ते हे की सगळं एका हातातून दुसऱ्या हातात गेलंय. इशीला दुकान नव्हतं. पूर्वीही लोक धनुष्यात पाय घालायचे, पाती तेव्हाही पिळायची. फरक इतकाच की ती सरळ करता येणारं कोणीतरी तेव्हा शेजारी असायचं, आणि बहुधा काउंटरच्या मागेही. दुकानात काय विकायला ठेवलंय यावरून मी रुसण्यात अर्थ नाही. माझ्यासारखी गिऱ्हाइकं वर्षाला किती येणार? जे खपतं ते तो ठेवतो, त्यावरच दुकानाचं भाडं निघतं. पण जी वस्तू विकली जात नाही, तिच्याबद्दलचं ज्ञानही हळूहळू दुकानातून निघून जातं, आणि गेलंय हेसुद्धा कोणाच्या लक्षात राहत नाही. बाबांचं चावीचं घड्याळ घेऊन मी मागे पुण्यात पाच दुकानं फिरले होते. चार जणांनी नवीन घ्या म्हणून सांगितलं. पाचवा म्हणाला, "मला येत नाही, पण येतं त्याचा पत्ता देतो." त्या पाचव्या दुकानदाराला मी अजून विसरले नाही.

आणि कंपाऊंडला नावं ठेवायची तर माझी आईच मला ठेवू देत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, दोघंही कंपाऊंडवर. आईने मला ते कात्रण व्हॉट्सअॅपवर तीन वेळा पाठवलं, "बघ, ही पोरगी चाकावालं वापरते" असं लिहून. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही ठेवली आहे. तेव्हा यंत्राला दोष नाही. पन्नास मीटरवरून त्या मुलीसारखा नेम धरायला जे लागतं ते चाकं देत नाहीत.

शेवटी हिवाळा आला, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि आतल्या गल्ल्या फक्त त्या दुकानात. जावंच लागलं. तोच मुलगा होता. मी भांडायचं ठरवून गेले होते, पण त्याने आधीच विचारलं, "दोरी कशी आहे मॅम?" मी सांगितलं, पातं पिळलं होतं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मला कोणी शिकवलंच नाही," म्हणाला. "एका व्हिडिओत तसं बघितलं होतं." मी पिशवीतून नाडी काढली, दोन्ही टोप्या अडकवल्या, पायाखाली धरली आणि मूठ उचलली. त्याने स्वतः दोनदा करून बघितलं. मग मी त्याला गल्लीत उभं केलं. छिद्र नाही, भिंग नाही, खटका नाही. कंपाऊंडवर तो एकात एक बाण घुसवतो. पहिला बाण जमिनीला घासत गेला. दुसरा शेजारच्या गल्लीतल्या कागदाला लागला. तिसऱ्याला तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "अजून एक?"

परवा गेले तर काउंटरच्या मागे, कंपाऊंडच्या खटक्यांच्या ओळीत, एका खिळ्यावर एकच नाडी टांगलेली दिसली. विकायला. किंमत बारा डॉलर. अजून कोणी घेतलेली नाही.

आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "खपली की मला सांग."